रोहिडखोऱ्यातला शेजार

माझी आजी अंतर कधी मैलांत सांगत नसे. तिचं माहेर भोरच्या वर, वेळवंडीच्या खोऱ्यात. "भोर किती लांब गं?" विचारलं की म्हणायची, "दोन चढ, एक ओढा, आन् मग निस्ता उतार." चढ म्हणजे डोक्यावर पाटी असताना दम लागेल तो. बारीकसारीक उंचवटे तिच्या हिशेबात धरलेलेच नसत. लहानपणी मला हे उत्तर अपुरं वाटायचं. बावन्नाव्या वर्षी सायकल घेऊन त्याच बाजूला निघालो, तेव्हा पोटऱ्यांना ते बरोबर समजलं.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. पहाटे साडेपाचला कात्रजच्या जुन्या घाटाला लागलो. पुण्याच्या सायकलवाल्यांचा हा नेहमीचा चढ. शनिवार-रविवारी इथे दिव्यांची रांग लागते, त्या दिवशी मात्र मी एकटाच होतो. खाली कात्रजचं तळं अंधारात होतं. १७४९ च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात इथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळांतून पुण्यात नेलं; नळात हवा खेळावी म्हणून वाटेत उच्छ्वास बांधले. डोंगरातलं पाणी खाली शहराकडे जायची ही रीत तेव्हापासूनची. पुढचे तीन दिवस ती मला पुन्हा पुन्हा भेटणार होती.

बोगद्यातून पलीकडे निघालं की हवा एकदम गार लागते. त्यानंतरचा हमरस्ता मी केवळ सोसतो. ट्रकांचा वारा, कडेची वाळू, धाब्यांचे दिवे. कापूरहोळला उजवीकडे वळलो तेव्हा उजाडलं होतं.

कापूरहोळ हे आता फाट्याचं गाव झालंय. वडापाव, चहा, एसटीची वाट बघणारी मुलं. गाडी इथे थांबते ती चहापुरती. मी सायकल भिंतीला टेकवून उभा राहिलो आणि पूर्वेला पाहिलं, तर पुरंदर समोर. इतका जवळ, की मी दोनदा पाहिलं. १४ मे १६५७ ला त्या गडावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाई आजारी होत्या, बाळाला दूध पुरेना, म्हणून याच कापूरहोळच्या धाराऊ गाडे गडावर गेल्या आणि संभाजीराजांच्या दूधआई झाल्या. पुढे त्यांची मुलं अंतोजी आणि रायाजी राजांच्या सोबतीला राहिली. शाळेत ही गोष्ट वाचली तेव्हा मला वाटे, कुठून तरी दूरदेशाहून कुणी दाई शोधून आणली असेल. इथे उभं राहिल्यावर दिसलं ते वेगळंच. गड गावाच्या डोक्यावर आहे. वरच्या घरात तान्हं बाळ भुकेलं आहे आणि खालच्या घरातली लेकुरवाळी बाई वर गेली, असं हे शेजारपण. चढ मात्र मोठा. तो धाराऊ चढून गेल्या, आपलं अंगावरचं मूल घरी ठेवून की कडेवर घेऊन, हा विचार भोरपर्यंत माझ्या डोक्यातून गेला नाही.

कापूरहोळ ते भोर रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं. रस्ता मोठा होत होता आणि सावली कमी होत होती. मला त्या झाडांचं खरोखर वाईट वाटतं. सायकलवाल्याला सावली म्हणजे पाण्याच्या घोटाइतकी मोलाची असते. आणि ज्यांनी ती झाडं लावली ते बैलगाडीच्या वेगाने चालणारे लोक होते, त्यांनाही ते ठाऊक असणार.

वेळवंडीवरचं भाटघरचं धरण उजव्या हाताला आलं आणि मी उतरलो. १९२० च्या दशकात पुरं झालेलं हे दगडी धरण; तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावाने लॉइड धरण, आता येसाजी कंक जलाशय. येसाजी या खोऱ्यातल्याच भुतोंड्याचे. साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं. ते नीरेत सुटतं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसचा ऊस भिजवतं.

आजी तेव्हा दहा-एक वर्षांची असेल. पाणी कसं चढलं ते ती पायरी-पायरीने सांगायची. पहिल्या पावसाळ्यात खालची खाचरं, मग खळं, मग जोतं. एक दिवस उंबऱ्याशी पाणी आलं तेव्हा तिच्या आईने चुलीतला विस्तव मडक्यात घेतला आणि सगळे वरच्या अंगाला गेले. तो विस्तव तिने पुढे विझू दिला नाही म्हणे. आजी नंतर लग्न होऊन पुण्यात आली. नळ सोडला की अजूनही ती आठवते मला, भांडं भरलं की लगेच चावी बंद करणारी. मे महिन्यात धरणाचं पाणी आटलं की कांबऱ्याचं कांबरेश्वराचं जुनं देऊळ बाहेर येतं, लोक होडीने, चिखलातून दर्शनाला जातात. आजीच्या घराचं जोतं मात्र कुणाला सापडलं नाही. कुणी शोधलंही नसेल.

वेळवंडीच्या काठाकाठाने जाणारा रस्ता सायकलीसाठी फार सुंदर आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि अर्धा-अर्धा तास एकही गाडी नाही. आम्ही सायकलवाले असे शांत रस्ते एकमेकांना आवर्जून सांगतो. मीही सांगितलेत. पण या शांततेची किंमत कुणी दिली ते माझ्या घरातच कुणीतरी सांगून गेलंय, त्यामुळे ती मला पूर्ण सुखाने कधी उपभोगता येत नाही.

त्या रात्री भोरात राहिलो. नीरेच्या काठचं हे पंतसचिवांच्या संस्थानाचं गाव; वाडा अजून भक्कम उभा. गावावर रोहिड्याचा, म्हणजे विचित्रगडाचा पहारा. या गडावरून सगळ्या खोऱ्याला रोहिडखोरं नाव पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोर सोडलं. भाताची कापणी जोरात होती. काही खाचरं रिकामी, काहींत पेंढ्या आडव्या, कुठे खळ्यावर झोडणी चाललेली. कापलेल्या भाताचा वास सायकलवर जसा येतो तसा दुसऱ्या कुठल्या वाहनातून येत नाही. तो नाकात शिरतो आणि पुढच्या वळणापर्यंत सोबत राहतो. रस्ता हळूहळू चढत होता. डोळ्यांना सपाट वाटणारा, पण मागचं चाक कुणीतरी धरून ठेवलंय असं वाटायला लावणारा चढ. मी दोन गिअर खाली आलो आणि मुकाट पॅडल मारत राहिलो.

या चढाने मला एक गोष्ट दाखवली. ज्या माणसांची नावं आपण इतिहासात वेगवेगळ्या धड्यांत वाचतो, ती सगळी इथे हाकेच्या अंतरावर राहत होती. भोरच्या लगत उत्रौली, तिथले देशमुख खोपडे. आंबवड्याच्या पुढे कारी, तिथले जेधे. पश्चिमेला हिरडस मावळ, तिथले बांदल. आणि बांदलांचे देशपांडे बाजीप्रभू शिंद गावचे. ही सारी घरं एका दिवसाच्या सायकलीत, खरं तर एका दिवसाच्या पायपिटीत येतात. त्यांच्यात सोयरिकी होत्या, बांधाची भांडणं होती, जेधे आणि बांदल यांच्यात तर वैर होतं.

१६५९ साली अफजलखान निघाला तेव्हा विजापूरहून मावळातल्या देशमुखांना फर्मानं आली: खानाला सामील व्हा, नाहीतर वतन जाईल. उत्रौलीचे खंडोजी खोपडे गेले. कारीचे कान्होजी जेधे फर्मान घेऊन पाच मुलांसह महाराजांपुढे आले. महाराज म्हणाले, तुमचे शेजारी गेले, तुम्हीही जा, वतन कशाला घालवता. त्यावर कान्होजींनी हातावर पाणी घेऊन वतनावर सोडलं.

हा प्रसंग मी अनेकदा वाचला होता. त्या सकाळी सायकलवर असताना त्यातला 'शेजारी' हा शब्द मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. खंडोजी आणि कान्होजी एकाच नदीचं पाणी पीत होते. एकाच जत्रेत भेटत असतील. खान हरला तर ठीक, जिंकला तर कान्होजींच्या जमिनीवर पहिला नांगर कुणाचा फिरला असता, ते कान्होजींना नावानिशी माहीत होतं. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या शत्रूसमोर धीट होणं सोपं. रोज तोंड दिसणाऱ्या माणसाच्या विरुद्ध बाजूला उभं राहायचं, तेही पोटच्या पाच पोरांना घेऊन, याला वेगळं काळीज लागतं. पुढे खोपडे पकडले गेले, तेव्हा त्यांचा जीव वाचावा म्हणून रदबदली झाली ती याच कान्होजींच्या शब्दाने. महाराजांनी प्राण ठेवले, एक हात आणि एक पाय तोडला. म्हणजे वैर केलेल्या शेजाऱ्यासाठीही शब्द टाकणारा तो माणूस होता.

आंबवडे भोरपासून दहा-बारा किलोमीटर. नागेश्वराचं देऊळ दाट झाडीत, ओढ्याच्या घळीत आहे. वरून संस्थानकाळातला झुलता पूल. मी सायकल पुलावरून हातात धरून नेली. खाली पाण्याचा आवाज, आणि पुलाची हलकी हालचाल तळपायाला जाणवणारी.

इथे कान्होजींची समाधी आहे. प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ ला सय्यद बंडाचा वार अंगावर येऊ न देणाऱ्या जिवा महालांची आहे. आणि शंकराजी नारायण सचिवांचीही. राजाराम महाराजांच्या काळात मोगलांनी घेतलेले गड परत मिळवणारा हा माणूस, भोर संस्थानाचा मूळपुरुष. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा शंकराजींपुढे पेच पडला. ताराबाईंशी इमान राखायची शपथ घेतलेली, आणि समोरून थोरल्या महाराजांचा नातू येतोय. त्यांनी इथे, आंबवड्यात, स्वतःचं आयुष्य संपवलं.

घळीत मी जवळजवळ तासभर बसलो. एकाच ओढ्याकाठी दोन शब्द पाळणारे. एकाला शब्द पाळण्यासाठी वाट मिळाली, दुसऱ्याला कुठलीच वाट उरली नाही. मला कान्होजींबद्दल अभिमान वाटतो, तो कुणालाही वाटेल. शंकराजींबद्दल जे वाटतं ते सांगणं अवघड आहे. त्यांच्या समाधीपाशी मी जास्त वेळ थांबलो, एवढं सांगतो. कुणीतरी सकाळीच झाडून गेलं होतं. दगडावर ताजी फुलं होती, शेवंतीची, परसातली.

कारीच्या अलीकडे एका वाडीपाशी मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. जादा ट्यूब होती, पण तिचा व्हॉल्व्ह गळत होता. मी रस्त्याकडेला चाक काढून बसलेला पाहून एक म्हातारबाबा आले. पंचाहत्तरी ओलांडलेले, डोक्यावर टोपी, हातात विळा.

"कुठनं आलासा?"

"पुण्याहून."

"सायकलीव? आन् ह्या वयात?" मग चाकाकडे बघून, "या, घराकडं या. पाणी लागंल की."

त्यांनी घमेल्यात पाणी आणलं. ट्यूब बुडवून मी दाबत गेलो आणि बुडबुडे माझ्याआधी त्यांनी पाहिले. मुंबईत गिरणीत होतो, ते म्हणाले, तेव्हा कामावर सायकलने जायचो. १९८२ च्या संपानंतर गावी आले ते आलेच. ठिगळ सुकेपर्यंत चहा झाला. काकू म्हणाल्या, आता उन्हाचं कुठं जाता, भाकरी खाऊन जा. मग संध्याकाळ झाली, आणि मी त्यांच्या पडवीतच राहिलो.

वाडीत नऊ घरं. पाचांना कुलपं. त्या पाचही कुलपांच्या चाव्या बाबांकडे, एका सुतळीत ओवून खुंटीला अडकवलेल्या. प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाची चिंधी. लाल पुण्याची, निळी पनवेलची, दोन मुंबईच्या, आणि एक पांढरी, ज्यांचं आता कुणीच येत नाही त्यांची. दर सोमवारी ते सगळी घरं उघडतात, वारा खेळू देतात, उंदीर-घूस बघतात. दिवाळीत पाचही घरांच्या देवळीत दिवा लावतात. "बंद घर लवकर पडतं," एवढंच कारण त्यांनी सांगितलं. पांढऱ्या चिंधीच्या घरातही दिवा लावता का, मी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. "घरच हाय की ते," म्हणाले.

रात्री जेवताना मी जेध्यांच्या शकावलीचा विषय काढला. त्यांना माहीत होता, अर्थातच. कारीच्या जेध्यांच्या दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली काही पानं, सालवार नोंदी, कुठल्या शकात काय घडलं त्या. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तोवर शिवजन्माचं साल १६२७ धरत. या पानांवर शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शिवनेरी अशी नोंद निघाली. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आज सारा महाराष्ट्र ज्या दिवशी जयंती साजरी करतो तो दिवस या आडवळणाच्या गावातल्या एका घराने दोनशेहून जास्त वर्षं सांभाळला. धरणं, साथी, दुष्काळ, राज्यं आली आणि गेली, आणि दरवेळी कुणीतरी दप्तराचा तो रुमाल सोडला, पानांना ऊन दाखवलं, वाळवी झटकली आणि पुन्हा बांधून ठेवला. त्यांना तरी कुठे ठाऊक होतं, त्यात काय आहे ते पुढे कुणाच्या कामी येणार. खुंटीवरच्या चाव्यांकडे बघत मी भाकरी मोडत होतो.

सकाळी सायकल हलकी करून, सामान पडवीत ठेवून, कोर्ल्यावरून रायरेश्वर आणि केंजळगडाच्या मधल्या खिंडीत चढलो. हा चढ फार निर्दय आहे. शेवटच्या टप्प्यात पुढचं चाक उचललं जाईल असं वाटतं. दोनदा उतरून ढकलली. खिंडीत पोचलो तेव्हा घाम डोळ्यांत गेला होता आणि काही क्षण काहीच दिसेना.

मग दिसलं. एका अंगाला कृष्णेचं खोरं, धोमचं पाणी, कमळगड. दुसऱ्या अंगाला नीरेचं खोरं, रोहिडा, त्यामागे राजगड-तोरण्याची रेघ, उजवीकडे दूर पुरंदर. डोक्यावर रायरेश्वराचं पठार. १६४५ साली स्वराज्याची शपथ तिथल्या महादेवापुढे घेतली असं परंपरा सांगते. पठारावर जंगमांची घरं आहेत, अजून नांदती. कुणीतरी वरून दुधाची किटली घेऊन उतरत होतं.

आणि पश्चिमेला शिंद. पन्हाळ्याहून निसटताना, १६६० च्या जुलैत, गजापूरच्या खिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं पडली. त्यानंतर महाराजांनी तलवारीच्या पहिल्या पानाचा, म्हणजे दरबारात सर्वांत आधीचा, मान बांदलांना दिला. तोवर तो जेध्यांचा होता. जेध्यांनी तो सोडला, ज्यांच्याशी हाडवैर होतं त्या शेजाऱ्यांसाठी. खिंडीतून दोन्ही गावांच्या दिशा एका नजरेत येतात. हा मान कुठून कुठे गेला, ते मी बोटाने दाखवू शकत होतो.

दुपारी वाडीत परत आलो तर माझ्या कॅरिअरवर आणखी एक पिशवी बांधून तयार. पाच किलो नवा इंद्रायणी. लाल चिंधीच्या घरवाल्यांचं खाचर बाबाच कसतात, त्यातला हा त्यांचा वाटा.

"धायरीला ऱ्हात्यात. तुमच्या वाटंवरच पडंल. आन् सांगा, मागल्या भिंतीला ओल आलीया, पाऊस संपला की बघून घेतली म्हनून."

पाच किलोंनी प्रत्येक चढ वाढवला. हमरस्त्यावर दिवेलागण झाली, कात्रजचा घाट अंधारात चढलो. धायरीत, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, दार एका तरुण सुनेने उघडलं. निरोप सांगितला. तिने पिशवीची गाठ सोडली, मूठभर तांदूळ हातात घेऊन हुंगला आणि आतल्या सासऱ्यांना हाक मारली. सहा-सात वर्षांची मुलगी दारात येऊन माझ्या हेल्मेटकडे बघत होती.

"गाव किती लांब आहे आपलं?" तिने विचारलं.

"दोन चढ," मी म्हणालो, "एक बोगदा, एक धरण. आणि मग भाताचा वास आला की उजवीकडे."